आर्जव आणि आज्ञा: विमानसेवकांच्या इंग्रजीचा इतिहास

मनुष्य जेव्हां नवें वाहन निर्माण करतो तेव्हां त्या वाहनाबरोबर एक नवी बोलीहि जन्मास येते. गलबतांबरोबर खलाशांची बोली आली. आगगाडीबरोबर सिग्नल, गार्ड, फलाट, जंक्शन हे शब्द आपल्या घराघरांत येऊन बसले. विमानानेंहि आपली बोली आणली. तिच्यांतील जो भाग वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक यांच्यामध्यें चालतो, त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तिचा दुसरा एक भाग आहे. तो प्रवाशांच्या कानांवर रोज पडतो, आणि कदाचित् म्हणूनच कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पट्टे बांधा, खुर्चीची पाठ सरळ करा, आपल्या जवळचें दार पाहून ठेवा, असें सांगणाऱ्या विमानसेविकेची व विमानसेवकाची ती इंग्रजी होय. ही भाषा कोठून आली, ती कशी शिकविली जाऊं लागली, आणि तिच्या शिक्षणांत कोणती उणीव राहिली, हें आज आपणांस पाहावयाचें आहे. विषय लहान दिसतो खरा. पण श्रोतेहो, या चार वाक्यांवर कित्येकदां शेंकडों माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

विमानसेवकाचा धंदा हा विमानापेक्षां आकाशनौकेंत आधीं सुरू झाला. १९१२ सालीं जर्मनीच्या झेपेलिन कंपनीच्या 'श्वाबेन' नांवाच्या आकाशनौकेवर हाइनरिख कुबिस नांवाच्या गृहस्थाची नेमणूक झाली. हाच जगांतील पहिला विमानसेवक मानला जातो. प्रवाशांस भोजन देणें, त्यांची सरबराई ठेवणें हें त्याचें काम. पुढें १९३७ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील लेकहर्स्ट येथें 'हिंडेनबुर्ग' ही प्रचंड आकाशनौका पेटली, तेव्हां तिजवरील मुख्य सेवक हाच कुबिस होता. नौका जमिनीजवळ येतांच त्यानें प्रवाशांस खिडक्यांतून उड्या मारावयास लावलें, आणि मग स्वतः उडी घेतली. पंचवीस वर्षें ज्यानें आर्जवानें भोजन वाढलें, त्यास त्या क्षणीं आज्ञा करावी लागली. या धंद्याचीं हीं दोन अंगें पहिल्या माणसाच्या चरित्रांतच एकत्र आलेलीं दिसतात.

अमेरिकेंत या धंद्याचा आरंभ निराळ्या वाटेनें झाला. एलेन चर्च नांवाची एक परिचारिका वैमानिक होण्याची आकांक्षा बाळगून होती. तें पद त्या काळीं स्त्रीस मिळणें नव्हतें. तिनें बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीस सुचविलें, कीं विमानांत शिकलेल्या परिचारिका ठेवाव्यात, म्हणजे भित्र्या प्रवाशांस धीर येईल. १९३० च्या मे महिन्याच्या १५ तारखेस ती ओकलंडहून शिकागोच्या विमानांत चढली, आणि जगांतील पहिली विमानसेविका ठरली. तिच्यासह आठ परिचारिकांस प्रथम घेण्यांत आलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या मुली मूळच्या रुग्णालयांतल्या होत्या. तेथें वैद्याशीं बोलतांना लक्षणें नेमकीं सांगावीं लागतात, आणि रोग्याशीं बोलतांना स्वर मऊ ठेवावा लागतो. दोन्ही प्रकारची भाषा त्यांस आधींच अवगत होती. दुसऱ्या महायुद्धांत परिचारिका सैन्याकडे गेल्या, ही अट सुटली, आणि युद्धानंतरच्या सुबत्तेंत विमानसेविकेच्या शिक्षणांतून रुग्णालय मागें पडून दिवाणखाना पुढें आला. रूप, पोषाख, स्मित आणि गोड बोलणें हेंच तिचें भांडवल ठरलें. आपल्याकडे 'हवाई सुंदरी' हा शब्द रूढ झाला, तो याच समजुतीचें अपत्य होय.

आतां ही भाषा इंग्रजीच कां झाली, याचा विचार करूं. विमानविद्येच्या आरंभीं इंग्रजीस असा कांहीं अधिकार नव्हता. फ्रेंच भाषेचा दर्जा तेव्हां मोठा होता. संकटांत सांपडलेलें विमान ज्या 'मेडे' शब्दानें साहाय्य मागतें, तो शब्द लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी मॉकफर्ड यानें सुचविला असें सांगतात. क्रॉयडनची बहुतेक वाहतूक पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाशीं चाले. म्हणून 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दासारखा ध्वनि निवडण्यांत आला. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय करारानें त्यास मान्यता मिळाली. मात्र दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां जगांतील बहुतेक मोठीं प्रवासी विमानें अमेरिकेंत बनत होतीं, आणि त्यांच्या माहितीचीं पुस्तकें इंग्रजींत छापलेलीं होतीं. १९४४ च्या डिसेंबरांत शिकागो येथें नागरी विमानवाहतुकीचा करार झाला. त्यावर ५२ राष्ट्रांनीं सह्या केल्या, आणि त्यांत हिंदुस्थानहि होतें. त्यांतून निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें पुढें अशी शिफारस केली, कीं जेथें जमिनीवरील केंद्राची भाषा वैमानिकास येत नसेल तेथें इंग्रजी वापरावी. १९५६ सालीं 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही आज सर्वत्र चालणारी उच्चारमाला अमलांत आली. तिच्या रचनेंत माँट्रिआल विद्यापीठांतील भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-पॉल विने यांचा मोठा वांटा होता. आंकडेहि असे उच्चारावयाचे ठरले, कीं कोणत्याहि देशाच्या जिभेवर ते मोडूं नयेत. म्हणून 'थ्री'चें 'ट्री' झालें आणि 'नाइन'चें 'नायनर'. ही घराण्याची इंग्रजी नव्हे. ही गरजेपुरती कातरलेली, मुद्दाम घडविलेली इंग्रजी होय. तिजविरुद्ध असंतोषहि झाला. १९७६ सालीं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत आकाशांत फ्रेंच बोलूं द्यावी कीं नाहीं, या वादावरून वैमानिकांनीं काम थांबविलें होतें.

आपल्या देशाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस जुहूच्या धांवपट्टीवर विमान उतरविलें, तेव्हां त्यांत टपाल होतें, प्रवासी नव्हते. अर्थात् सेवकहि नव्हता. १९४८ च्या जूनच्या ८ तारखेस 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा मार्गें लंडनला निघालें, आणि हिंदी विमानसेवकांस परदेशी वाहतुकीचें दालन उघडलें. त्या काळीं या नोकरींत येणाऱ्या मुली बहुधा अशा घरांतल्या असत, कीं जेथें इंग्रजी शाळेच्या आधीं कानांवर पडे. त्यांस भाषा शिकविण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. शिकवावयाचा तो शिष्टाचार. १९५३ सालीं विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि जवळजवळ चार दशकें या नोकरीच्या जागा थोड्याच राहिल्या. १९९४ सालीं तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या पुढें आल्या, आणि मग मात्र चित्र पालटलें. नाशिक, सातारा, जळगांव, नागपूर अशा ठिकाणच्या, मराठी शाळांत शिकलेल्या मुली व मुलगे या नोकरीसाठीं अर्ज करूं लागले. त्यांच्यासाठीं शिकवण्या निघाल्या. शिकवण्यांत काय शिकवीत? केस कसे बांधावे, चालावें कसें, आणि 'वुड यू लाइक टी ऑर कॉफी' हें वाक्य कोणत्या स्वरांत म्हणावें. आर्जवाची भाषा शिकविली गेली. आज्ञेची व वृत्तांताची राहून गेली.

ही उणीव किती मोलाची आहे हें जगास अपघातांनीं शिकविलें. वैमानिकांच्या भाषेचे अपघात सर्वांस ठाऊक आहेत. १९७७ सालीं टेनेरिफ बेटावर धुक्यांत दोन प्रचंड विमानें एकमेकांवर आदळलीं आणि ५८३ माणसें मेलीं. एका वैमानिकानें 'आतां आम्ही उड्डाणावर आहोंत' अशा अर्थाचें जें संदिग्ध इंग्रजी वाक्य उच्चारलें, त्यावरून विमान उभें आहे अशी नियंत्रकाची समजूत झाली. वस्तुतः तें धांवूं लागलें होतें. १९९० सालीं न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचें एक विमान इंधन संपून कोसळलें आणि ७३ जण दगावले. वैमानिकांनीं इंधन कमी असल्याचें सांगितलें होतें. परंतु 'इमर्जन्सी' हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाहीं. १९९६ च्या नोव्हेंबरांत आपल्याच देशांत, हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत, सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खालीं उतरलें होतें, आणि त्यांतील चालकवर्गाचें इंग्रजी तोकडें होतें हीहि गोष्ट चौकशींत पुढें आली. या साऱ्यांचा परिणाम म्हणून २००३ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठीं इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरविल्या. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद हीं सहा अंगें तपासावयाचीं. निदान चौथी पायरी गांठल्यावांचून आंतरराष्ट्रीय उड्डाण करावयाचें नाहीं. २००८ च्या मार्चपासून हा नियम लागू झाला.

पण या नियमांत विमानसेवकाचें नांव नाहीं.

वाचकांस व श्रोत्यांस वाटेल, कीं त्याचें नांव असण्याचें कारण काय? तो बिनतारी यंत्रावर थोडाच बोलतो? याचें उत्तर १९८९ सालच्या दोन अपघातांत आहे. जानेवारींत लंडनहून बेलफास्टला निघालेल्या विमानाचें डावें इंजिन बिघडलें. वैमानिकांनीं चुकून उजवें, म्हणजे चांगलें इंजिन बंद केलें, आणि उजव्या बाजूच्या इंजिनांत दोष होता असें प्रवाशांस जाहीरहि केलें. मागील भागांतील कांहीं प्रवाशांनीं व सेवकांनीं डाव्या बाजूस ज्वाळा पाहिल्या होत्या. ती गोष्ट वैमानिकांपर्यंत पोहोंचली नाहीं. केगवर्थ गांवाजवळ विमान पडलें आणि ४७ माणसें मेलीं. दोनच महिन्यांनीं कॅनडांत ड्रायडन येथें एक विमान पंखांवर बर्फ असतांना उडालें आणि लगेच कोसळलें. ६९ पैकीं २४ जण दगावले. पंखांवरचें बर्फ सेविकेनें पाहिलें होतें. न्यायमूर्ति मोशान्स्की यांच्या आयोगानें पुढें या प्रकरणाचा फार खोल तपास केला, आणि त्यांत असें दिसून आलें, कीं विमान चालविण्याच्या बाबतींत सेवकांनीं वैमानिकांस कांहीं सांगावें, असें वातावरणच नव्हतें.

या दोन्ही अपघातांत सर्वांची भाषा इंग्रजीच होती. तेव्हां उणीव व्याकरणाची नव्हती. उणीव होती ती अशी, कीं जें दिसलें तें कोणास, कोणत्या शब्दांत, किती निश्चयानें सांगावें, हें कोणी शिकविलें नव्हतें. म्हणून त्यानंतर वैमानिक व सेवक यांस एकत्र बसवून शिक्षण देण्याची प्रथा वाढली. संकटाच्या वेळीं मुख्य वैमानिक सेवकप्रमुखास जी सूचना देतो तीहि एका सांच्यांत बसविण्यांत आली. तिचे चार भाग असतात: संकट कोणत्या प्रकारचें, पुढें काय करावयाचें, वेळ किती, आणि विशेष सूचना कोणती. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला 'निट्स' म्हणतात. ऐकणाऱ्यानें ती सर्व परत म्हणून दाखवावयाची असते. आपल्या जुन्या पाठशाळांत गुरूंमागून संथा म्हणत, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच, कीं येथें चूक झाली तर सुधारण्यास दुसरा दिवस मिळत नाहीं.

आतां वर्गांत ही भाषा शिकवितांना आपल्या मुलांस कोणती अडचण येते, तिकडे वळूं. तो विषय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण ती अडचण अज्ञानाची नसून आपल्या भाषेच्या सौजन्याची आहे. मराठींत आदर हा क्रियापदाच्या रूपांतच वसतो. 'बस' आणि 'बसा' यांत जें अंतर आहे तें एका कान्याचें. पण त्या एका कान्यांत सारी शिष्टता आली. 'या, बसा, काय घेणार?' या शब्दांत पाहुणचाराची पूर्ण ऊब आहे. त्यांचें जसेंच्या तसें 'कम, सिट, व्हॉट विल यू टेक' असें इंग्रजी केलें, तर परका प्रवासी दचकतो. इंग्रजी आज्ञार्थास आदराचें निराळें रूप नाहीं. तेथें आदर 'वुड यू', 'मे आय' अशा साहाय्यक क्रियापदांत आणि आवाजाच्या चढउतारांत असतो. 'काय पाहिजे?' हें आपल्या दुकानांत साधें वाक्य आहे. 'व्हॉट डू यू वॉन्ट' हें विमानांत उद्धटपणाचें ठरतें. मुलगी मनानें नम्र असते, आणि शब्द मात्र उर्मट निघतात. चांगला शिक्षक येथें व्याकरणाचा नियम सांगून थांबत नाहीं. आदर कोठून कोठें हलला हें तो दाखवितो.

परंतु खरी कसोटी याच्या उलट आहे. महिनोन् महिने 'वुड यू माइंड' घोटून घेतलेल्या मुलीस, विमान धुरानें भरतांच, तें सारें एका क्षणांत टाकून द्यावें लागतें. नव्या जातीचें प्रवासी विमान मान्य होण्यासाठीं, निम्मीं दारें बंद असतां सर्व माणसें ९० सेकंदांत बाहेर पडूं शकतात, हें सिद्ध करावें लागतें. त्या ९० सेकंदांत आर्जवास जागा नाहीं. तेथें इंग्रजी आज्ञार्थाचा रुक्षपणा हाच गुण ठरतो: 'लीव्ह एव्हरीथिंग', 'कम धिस वे', 'जंप'. ओरडून, तालावर, पुनःपुन्हां. नकाराचें वाक्य शक्यतों टाळावें असें शिकविण्याचेंहि कारण आहे. आपल्या 'सामान घेऊं नका' या वाक्यांत 'नका' शेवटीं येऊन ठासून बसतो. इंग्रजींत नकार आरंभीं येतो आणि गोंगाटांत बुडून जातो. मग घाबरलेल्या माणसाच्या कानांत फक्त सामान घेण्याचा शब्द उरतो. म्हणून 'सर्व सोडा' म्हणावें, 'घेऊं नका' म्हणूं नये.

या शिक्षणाचें फळ २०२४ च्या जानेवारीच्या २ तारखेस टोकियोच्या हानेडा विमानतळावर जगानें पाहिलें. उतरतें जपानी प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळून पेटलें. लहान विमानांतील पांच जण मेले. मोठ्या विमानांत ३७९ माणसें होतीं. ध्वनिक्षेपक यंत्रणा बंद पडली. आठांपैकीं तीनच दारें वापरण्याजोगीं होतीं. सेवकांनीं कर्णे घेतले, नुसत्या आवाजानेंहि आज्ञा दिल्या, आणि ३७९ च्या ३७९ माणसें जिवंत बाहेर पडलीं. पुढें विमान जळून गेलें. यंत्र थांबलें तेथें शिकविलेला कंठ उपयोगी पडला.

मुंबईकरांस आणखी एक नांव या प्रसंगीं आठवेल. १९८६ च्या सप्टेंबरच्या ५ तारखेस मुंबईहून निघालेल्या पॅन अॅमच्या विमानावर कराचीस सशस्त्र माणसें चढलीं. मुंबईंत वाढलेली नीरजा भनोत ही त्या विमानावरील सेवकांची प्रमुख होती. तिनें वैमानिकांस तत्काळ इशारा दिला. ते निघून गेल्यामुळें विमान उडविणें चाच्यांस अशक्य झालें. अमेरिकन प्रवासी ओळखूं येऊं नयेत म्हणून तिनें व तिच्या सोबत्यांनीं पारपत्रें लपविलीं. प्रवाशांस बाहेर काढतांना ती मारली गेली. तेव्हां तिला तेविसावें वर्ष पुरें होण्यास दोन दिवस उरले होते. सरकारनें तिला मरणोत्तर अशोकचक्र दिलें. तिच्या धैर्याचें श्रेय भाषेस देणें हास्यास्पद होईल. पण वेळेवर, योग्य ठिकाणीं पोहोंचलेला एक इशारा काय करतो, हें त्या दिवशीं दिसलें. केगवर्थला जो पोहोंचला नाहीं, तो कराचीस पोहोंचला होता.

कायद्यानेंहि आतां या गोष्टीची थोडी दखल घेतली आहे. युरोपांतील नियमांनीं एका विमानावरील सर्व कर्मचाऱ्यांस समान अशी एक भाषा आली पाहिजे असें ठरविलें. अमेरिकेनें २०१२ सालीं विमानसेवकांसाठीं इंग्रजीची किमान पात्रता कायद्यांत घातली. तिच्यांत चार गोष्टी आहेत: इंग्रजी मजकूर वाचून समजणें, प्रवाशांस सूचना देणें व त्यांच्या प्रश्नांस उत्तरें देणें, घडलेल्या प्रसंगाचा वृत्तांत लिहिणें, आणि लेखी व तोंडी आज्ञा पार पाडणें. या चारांत गोड उच्चाराचा उल्लेख नाहीं, स्मिताचा नाहीं, विलायती ढबीचा तर नाहींच. सारी मागणी अर्थाची आहे. तथापि वैमानिकांस जशी जगभर एक मोजपट्टी आहे, तशी सेवकांस अद्याप नाहीं. प्रत्येक देश व प्रत्येक कंपनी आपापल्या मतानें परीक्षा घेते. एकेका विमानावर दहा देशांचे सेवक काम करीत असतां ही ढिलाई राहावी, हें मला धोक्याचें वाटतें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या घरांत या नोकरीची इच्छा धरणारी मुलगी किंवा मुलगा असेल. इंग्रजी शाळेंत न शिकल्यामुळें आपणांस हें जमणार नाहीं, अशी धास्ती त्यांस असते, आणि ती धास्ती वाढवून त्यावर पैसे मिळविणारेहि पुष्कळ आहेत. त्यांस एवढेंच सांगावें, कीं आकाशांतील इंग्रजी ही कोणाच्या कुळाची मिरास नाहीं. क्रॉयडनच्या बिनतारी खोलींत, माँट्रिआलच्या विद्यापीठांत आणि अपघातांच्या चौकशांतून ती तुकड्यातुकड्यांनीं घडविली गेली, आणि जें घडविलेलें आहे तें शिकतां येतें. शिकवणी निवडतांना मात्र तेथें केवळ चहाकॉफीचीं वाक्यें घोटून घेतात, कीं दिसलेली गोष्ट नेमकी सांगावयास, ऐकलेली सूचना परत म्हणावयास आणि प्रसंगीं खणखणीत ओरडावयासहि शिकवितात, एवढें अवश्य विचारावें. आणि आपण प्रवासी म्हणून विमानांत बसलों असतां, ती मुलगी दारें दाखवूं लागली म्हणजे हातांतलें वर्तमानपत्र क्षणभर खालीं ठेवावें. ती जें बोलते तें आपल्यासाठीं बोलते.